होळीच्या आतली कामं

पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. पुण्यातल्या बागेत तो माघातच येतो आणि होळी उलटली की त्याचा उन्हाळा झालेला असतो. मधले पाच-सहा आठवडे काय ते आपल्या हातात. छाटणी, खणणं, कुंड्या बदलणं, खत घालणं, सगळं या मुदतीत उरकावं. पुढे चैत्र-वैशाखात बागेकडून नवं काही मागायचं नसतं, आहे ते जगवायचं असतं. इंग्रजी पुस्तकांत ‘स्प्रिंग’ची म्हणून जी कामं दिलेली असतात, ती करणाऱ्यापुढे त्याचा सुखाचा उन्हाळा असतो. आपल्यापुढे मे महिना असतो. कात्री तीच, खतही तेच. पण तारीख वेगळी आणि बेतही वेगळा.

*

सध्या काटेसावर फुललीय, पांगारा फुललाय, शेवगा पांढराशुभ्र झालाय. आणि त्याच रस्त्यावर पानांचा खच. झाडं इथे पानं टाकतात ती पाणी वाचवायला. गंमत अशी की कडुनिंब, पिंपळ, करंज ही मंडळी पाऊस यायच्या कितीतरी आधी, ऐन कोरड्या दिवसांत नवी पालवी काढतात. मुळं खोल गेलेली, त्यांना परवडतं. आपल्या कुंडीतल्या जास्वंदीला परवडत नाही. तिनं पिंपळाची बरोबरी करावी असा आग्रह धरून फाल्गुनात तिला भरमसाट खत घालणारे लोक मला ठाऊक आहेत.

*

माळीमामांचं वेळापत्रक: “ताई, झाड निजलंय तोवर कात्री लावा. डोळे उघडले की नका लावू.”

*

मोगरा. यंदा सगळ्यात जास्त लिहायचंय ते यावर, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “आमच्या मोगऱ्याला पानंच येतात, फुलं का नाहीत?”

मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येतं. जुनी काडी कितीही जाड झाली तरी ती नुसती उभी असते. म्हणून जितके शेंडे, तितकी फुलं. शेंडे वाढवायचे तर छाटायला हवं, आणि छाटायच्या आधी झाडाला ताण द्यायला हवा. जानेवारीत पाणी हळूहळू तोडायचं. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. घाबरून नळी हातात घ्यायची नाही. मग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक दिवस बसून सगळं झुडूप निम्म्यावर आणायचं. मेलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक वाकड्या काड्या बुडापासून काढायच्या. उरलेली पानंही हातानं ओरबाडली तरी चालतात. बुंध्याभोवतीची माती दोन-तीन इंच उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवायचं. मग कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, वर माती आणि भरपूर पाणी.

यानंतर दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर पेरापेरावर, जिथे पान गळून खूण राहिलीय तिच्या अगदी वर, दोन्ही बाजूंना एकेक फिकट हिरवा ठिपका असतो. एका काडीवर असे चार-पाच जोड. त्यातला वरचा जोड आधी सुटतो. तो सुटला की पाणी नेमानं. पहिल्या कळ्या मार्चअखेरीस.

कुंडीतल्या मोगऱ्याला ताण देताना जपून. जमिनीतल्या झाडाला खाली कुठेतरी ओल सापडते, कुंडीत सापडत नाही.

*

गुलाबाला मात्र आत्ता मोठी छाटणी नको. त्याची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. आता फक्त वाळलेली फुलं काढायची आणि कलमाच्या जोडाखालून फुटलेले रानफुटवे बुडापासून उपटायचे. ते जोमदार दिसतात म्हणून लोक कौतुकानं ठेवतात, आणि दोन वर्षांत कलम मरून रानगुलाब उरतो.

*

लॉन. आमच्याकडे आहे ती हरळी. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून जे मिळतं तीही हरळीचीच निवडलेली जात. अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणून गोल्फच्या मैदानांवर लावतात तेही हेच गवत. आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच. भाद्रपदात शेजारीपाजारी सकाळी फाटकातून आत वाकून विचारतात, “घेऊ का चार?” लॉनचा हा एवढा एक उपयोग मी कुणापुढेही ठामपणे मांडू शकते.

हरळी उष्ण हवेतलं गवत. सत्तावीस ते पस्तीस अंशांत ती खुशीत वाढते. पुण्याच्या जानेवारीत रात्री गार असतात तेव्हा वाढ जवळजवळ थांबते आणि पात्यांची टोकं पिवळी पडतात. ती मेली असं समजून भरमसाट पाणी घालणं किंवा युरिया फेकणं, दोन्ही व्यर्थ. फेब्रुवारीत गुडघे टेकून पाती बाजूला सारून पाहावं. बुडाशी, जुन्या तपकिरी धाटावर, टोकदार हिरवे कोंब दिसले की काम सुरू.

पहिली कापणी नेहमीपेक्षा खाली, म्हणजे वाळकं निघून जातं आणि ऊन बुडाशी पोचतं. मग दाताळं, आधी उभं, मग आडवं. धाटांचं आणि वाळक्या मुळांचं जे जाळं निघतं त्यानं घमेलं लगेच भरतं. हे जाळं राहिलं तर वर शिंपडलेलं पाणी तेच पिऊन टाकतं, मातीला काही मिळत नाही. जिथून रोज येणं-जाणं आहे तिथली माती घट्ट बसलेली असते. तिथे फोर्क तीन-चार इंच रोवून जरासा मागेपुढे हलवायचा, वीतभर अंतरावर पुन्हा. शेवटी चाळलेली माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांचा पातळ थर, अर्ध्या सेंटिमीटरचा. खराट्याच्या पाठीनं पसरायचा. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. टोकं झाकली तर थर जास्त झाला.

युरिया चौरस मीटरला दहा ग्रॅम. ५०० चौरस फुटांच्या लॉनला जेमतेम अर्धा किलो. कोरड्या वाळूत कालवून, गवत कोरडं असताना, संध्याकाळी फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. ओल्या पात्यावर दाणा चिकटला की तिथे ठिपक्याएवढं गवत जळतं.

एवढं झालं की मशीनचं पातं वर घ्यायचं. पुढे उन्हाळाभर गवत दीड इंचाच्या खाली न्यायचं नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. उंच गवताची सावली त्याच्याच मुळांवर पडते. टेनिस कोर्टासारखं तासून ठेवलेलं लॉन एप्रिलमध्ये पाहावं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मग माळ्यावर खापर.

*

मशीनच्या पात्याला धार लावून घेणे. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी दिसतात ती त्यामुळे.

*

गवत कापायचं यंत्र इंग्लंडात स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या माणसानं १८३० साली काढलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव साफ करणारं यंत्र त्यानं पाहिलं होतं, तेच त्यानं जमिनीवर आणलं. त्याआधी हिरवळ राखायची तर कोयतेवाले तरी हवेत किंवा मेंढ्या तरी. म्हणजे ती फक्त जहागीरदारांना परवडे. त्याच १८३० साली इकडे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. पुण्यातली एम्प्रेस गार्डन आज हीच संस्था चालवते, जानेवारीच्या अखेरीचं पुष्पप्रदर्शनही तिचंच. यंत्र तिकडे आणि संस्था इकडे एकाच वर्षी निघाली हा निव्वळ योगायोग, पण घरापुढे हिरवळ असणं म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत आपल्याकडे कॅम्पातल्या बंगल्यांतूनच आली. आपल्या जुन्या घरांपुढे अंगण असे. सारवलेलं. त्याला पाणी किती लागे? एक बादली.

*

त्या पाण्याचाच हिशोब करून ठेवला आहे.

उन्हाळ्यात इथलं लॉन हिरवं ठेवायला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. म्हणजे रोजचे सव्वादोनशे ते पावणेतीनशे लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं हा केंद्राचा निकष आहे. तेव्हा एवढंसं लॉन दोन माणसांचं पाणी पितं, आणि तेही टँकरच्या दिवसांत.

म्हणून माझा सल्ला दर वर्षी तोच, आणि तो दर वर्षी कुणालाच आवडत नाही: फाल्गुनात लॉन थोडं लहान करा. आंब्याखाली, कंपाउंडच्या सावलीत जिथे पाच-सहा तास थेट ऊन नाही तिथे हरळी तशीही तग धरत नाही. तिथे दर वर्षी नवे गवताचे तुकडे आणून लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथे पालापाचोळा पसरून ठेवा. कडेला गवती चहा, कोरांटी, कोरफड लावा. बसायला, अनवाणी चालायला हवं तेवढंच गवत राखा.

मोठ्या संकुलांत एसटीपीचं पाणी मिळतं, त्यांची गोष्ट निराळी. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी मात्र रोज एकाच जागी ओतू नये, क्षार साठतात. त्यानं फरशी पुसावी.

*

पाणी द्यायचं ते पहाटे, आणि एकदाच पोटभर. रोज चूळ भरल्यासारखं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक दिवशी माना टाकतात. पाणी पुरेसं मुरलं का ते पाहायला लांब स्क्रूड्रायव्हर: चार इंच सहज गेला तर बस.

दुपारी नळी उन्हात पडून राहिली तर आतलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते आधी रस्त्यावर सोडावं, कुंडीत नको.

*

लव्हाळा. जगातल्या सगळ्यात छळवादी तणांची मोजदाद करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली ग्रंथ काढला, त्यात पहिला नंबर या आपल्या लव्हाळ्याचा. दिवाळीत उटण्यातून अंगाला लावतो तो सुगंधी नागरमोथा म्हणजे याच जातीच्या गाठी. शत्रूला वास मात्र चांगला.

एक उपटून पाहिला. पातं, मग पांढरा नाजूक धागा, मग काळपट गाठ. ती ओढली की तिच्यापुढे दुसरा धागा, दुसरी गाठ. ओलसर मातीत सावकाश ओढलं तर तीन-चार गाठींची माळ येते. जोरात ओढलं तर पहिल्यालाच तुटते, आणि तुटलेल्या माळेतल्या निजलेल्या गाठी जाग्या होऊन प्रत्येकीचं स्वतंत्र रोप होतं. म्हणून खुरप्यानं वरवर काढणं म्हणजे त्याची लागवडच. नव्या पात्याला नवी गाठ धरायला तीन-चार आठवडे लागतात, त्याच्या आत ते काढत राहायचं. पुन्हा आलं, पुन्हा काढायचं. गाठीतला साठा संपेपर्यंत. फेब्रुवारीत सुरुवात केली तर पावसाळ्यात बरीच सुटका होते. एका हंगामात नायनाट होतो असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

तो येतो कुठून, तर बहुतेक वेळा विकतच्या लाल मातीतून. पोतं थेट वाफ्यात रिकामं करण्याआधी माती फरशीवर पसरावी आणि मुठीनं चाचपावी. गाठ लगेच कळते.

*

माती म्हणजे इथे काय असते तेही पाहावं. बिल्डरनं दिलेल्या ‘बागेच्या जागे’त फूटभर खणलं तर विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीच्या कपच्या, आणि त्याखाली मुरूम. सिमेंटमधला चुना आणि मुळातली चुनखडीची काळी माती, दोन्ही मिळून झाडाला लोह घेऊ देत नाहीत. पालवी फुटते तीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आधी दाखवतात. हिराकस लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचा; पंधरा दिवसांनी पुन्हा. मुळाशी शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत वर्षानुवर्षं घालत राहणं हाच त्यावरचा खरा इलाज.

आणि अशा चुनखडीच्या मातीत लोक अंड्याची टरफलं घालतात! कॅल्शियमसाठी म्हणे.

*

शेणखत घेताना मूठभर उचलून वास घ्यावा. वास आला, हात चिकट झाला, तर कच्चं आहे. कच्च्या शेणात हुमणी येते, आणि ती लॉनखाली गेली की गवत सतरंजीसारखं उचलून हातात येतं. चांगलं खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. कुणाचीही शपथ ऐकू नये, मूठ दाबून पाहावी.

*

पाला. रोज सकाळी सातला गल्लीत कुठेतरी धूर असतोच. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ पासून देशभर बंदी घातलेली आहे; साध्या जाळण्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या ढिगाला पंचवीस हजार रुपये दंड. झाडणाऱ्या मावशींना हे सांगून उपयोग नाही. ढीग कुठे टाकायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पाल्याचा पहिला उपयोग आच्छादन. वाफ्यात, कुंडीत, आळ्यात तीन-चार इंचांचा थर. बुंध्यापासून मात्र दोन-तीन बोटं लांब, नाहीतर बुंधा कुजतो किंवा वाळवी चढते. या थराखाली बोट घातलं की दुपारी तीन वाजताही माती गार लागते.

उरलेला पाला कोंबडीच्या जाळीचं गोल पिंप करून त्यात भरायचा, मधून मधून पायानं तुडवायचा, शेणकाला शिंपडायचा. ताक-गुळाचं पाणी घालतात, घाला. पण इथल्या कोरड्या हवेत ढीग कुजत नाही, नुसता वाळतो, हे खरं दुखणं. वर गोणपाट टाकून ते ओलं ठेवलं तर जीव धरतो. बाकीचं काम जूनचा पाऊस करतो. दसऱ्यापर्यंत खत. ज्यांना हे करायला जागा नाही त्यांचा पाला, ज्यांना हवा आहे त्यांच्याकडे पोचवण्याचं काम पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम करतो. पोत्यात भरून ठेवलं की घेणारे सापडतात.

*

रसवंत्यांची घुंगरं सुरू झाली. चिपाडं मागायला हेच दिवस, त्यांना ती उचलून नेणारा हवाच असतो. घरी आणून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, नाहीतर गोडाला मुंग्या येतात. मग कुंड्यांवर तुकडे करून. मुंबईचे डॉ. दोशी गच्चीवर भाजीपाला करायचे तो याच चिपाडांवर, मातीचा जेमतेम थर देऊन. त्याआधी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि शहरी लोकांना आपापल्या जागेत, आपापल्या निरीक्षणावर शेती करायला लावली. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ मी बागकामाचं पुस्तक म्हणून वाचायला घेतलं. सूर्यप्रकाशाचा जमाखर्च मांडणारं पुस्तक निघालं ते.

*

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसायला लागला. पिठ्या ढेकूण. ऊन वाढलं की वाढणार. आधी पाण्याचा जोरदार फवारा, शेंड्याच्या गुठळ्या कापून पिशवीत. मग लिटरला पाच मिलि निंबतेल, थोडं साबणाचं पाणी, उन्हं उतरल्यावर. मुंग्यांची रांग बघावी. मुंग्याच त्याला राखतात, गोडासाठी एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

फवारण्याआधी भिंग लावून पाहावं. त्याच कापसात थोडा मोठा, झालरी-झालरींचा एखादा पांढरा जीव असतो. काडीनं डिवचला की पिठ्या ढेकूण सुस्त पडून राहतो, हा मात्र तुरुतुरु पळतो. तो एका भुंगेऱ्याचा, क्रिप्टोलीमसचा, बाळकिडा. हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा १८९८ साली कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला, पण त्याचं खरं खाणं पिठ्या ढेकूण. शत्रूसारखे कपडे घालून त्याच्यातच राहतो आणि आपल्या फवाऱ्यानं मरतो.

*

लिंबाच्या कोवळ्या पानावर चिमणीची शिट पडलीय असं वाटलं तर हात लावून पाहावा. हलली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली की डोक्यामागून केशरी दुपाकी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. नातवंडांना दाखवायला याहून चांगलं खेळणं नाही. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. हातभर रोप असेल तर मात्र एका आठवड्यात नुसत्या काड्या. रोपावरच्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर किंवा कढीपत्त्यावर सोडाव्यात, दोन्ही तिला चालतात.

*

कुंपण कापायच्या आधी आत डोकावणे. शिंजीर आणि बुलबुल याच दिवसांत घर मांडतात. शिंजिराचं घरटं म्हणजे फांदीला लोंबणारा केरच: कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा. बाजूला एक भोक, आणि भोकावर पुढे आलेली छोटी पडवी. माळीमामांनी एकदा केर म्हणून हात घातला आणि आतून चोच आली. “र्‍हाऊ दे ताई, महिन्याभरात रिकामं करत्यात.” करतात. तोवर तेवढं कुंपण झिपरं.

झाडाची फांदी तोडायची असेल तर, आपल्याच आवारातली असली तरी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; १९७५ चा कायदा आहे. होळीच्या तोंडावर “फांद्या काढून देतो” म्हणत फाटकाशी कोयतेवाले येतात, त्यांना हा कायदा पाठ असतो. म्हणून ते रविवारी येतात.

*

एडिसनहून भाचीचा फोन. “मावशी, इथे बर्फ वितळलं. लॉनला काय घालू?” काही नको. तिथलं गवत थंड हवेतलं, आपल्या हरळीच्या उलट स्वभावाचं. भर उन्हाळ्यात ते मलूल होतं. शिवाय न्यूजर्सीत २०११ साली झालेला कायदा आहे: १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकानं लॉनला खत घालायचंच नाही, गोठलेल्या जमिनीवरून ते वाहून ओढ्या-खाडीत जातं. तिला म्हटलं, आधी मातीचा लाडू वळून बघ. घट्ट राहिला तर लॉनवर पायसुद्धा ठेवू नको, ओली माती दबून बसेल. बोट लावल्यावर फुटला तर दाताळं घे. क्रॅबग्रासचं बी उगवू नये म्हणून तिथे जे औषध टाकतात ते जमीन साधारण तेरा अंश सेल्सिअसवर पोचायच्या सुमारास. थर्मामीटर नसेल तर शेजारची पिवळी फोर्सिथिया केव्हा फुलते ते बघ.

“म्हणजे मामांसारखंच?” म्हणाली. हो, मामांसारखंच.

*

आंबा. मोहोर असताना पाणी नको. फळं वाटाण्याएवढी झाली की सुरू करायचं, दर पंधरा दिवसांनी मोठ्या झाडाला दीडशे-दोनशे लिटर, तीन-चार वेळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. फळगळ कमी होते. पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, जिथे दुपारची सावली संपते त्या रेघेवर आळं करायचं. खाणारी मुळं तिथे असतात.

*

किरकोळ.

पुष्पप्रदर्शनातून हौसेनं आणलेले पेटुनिया, फ्लॉक्स मार्चमध्ये जाणारच. त्यांना सावलीत नेऊन आठ दिवस जास्त जगवण्यापेक्षा बी धरावं.

शेवंती फुलून झाली की जमिनीलगत कापायची. बुडाशी आलेले फुटवे हीच पुढच्या वर्षीची रोपं. पावसाळ्यापर्यंत अर्ध्या सावलीत.

भेंडी, गवार आत्ता. बी रात्रभर भिजवून. काकडी, दोडका, कारलंही. काकडीचं पाणी एकदा जरी चुकलं तरी ती कडू होते आणि ते लक्षात ठेवते. मेथी-पालक आता फुलावर जाणार, आशा सोडावी.

कुंडी बदलायची तर होळीच्या आत. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर बाहेरची बोटभर कापून. एप्रिलमध्ये फक्त कुंडीची जागा बदलावी: पश्चिमेच्या उन्हातून आत, आणि एकमेकींना खेटून. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या मागच्या रांगेत.

ठिबकच्या तोट्या बोअरच्या क्षारानं बुजल्यात. काढून रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात.

*

मे महिन्यात आम्ही गावाला जाणार आणि मामा त्यांच्या. शेजारच्या काकू म्हणतात, “मी घालीन की पाणी,” आणि घालतातही, पहिले चार दिवस. त्यापेक्षा मडकी पुरावीत. न रंगवलेलं, न चकाकणारं, साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकणी. भोवतीची माती कोरडी होत जाईल तसं ते आपोआप झिरपतं. ओली असेल तर झिरपणं मंदावतं. छोट्या वाफ्याला एक पुरतं, वेलभाज्यांना तर फारच मानवतं. मडकं तीन-चार दिवसांतून एकदा भरलं तरी चालतं, आणि तेवढं काकूंकडून होतं.

ही मडकी आत्ता घ्यायला हवीत. चैत्र लागला की कुंभारवाड्यात माठांचे भाव चढतात. जाऊन पाझरणारं मडकं मागितलं तर कुंभारमामा आधी आपली थट्टा चाललीय असं समजतात. बागेसाठी हवंय म्हटलं की आतून भट्टीत जरा बिघडलेला लॉट काढतात, निम्म्या भावात. भेग गेलेलं घेऊ नये. पाणी भरून पाच मिनिटं फरशीवर ठेवावं: बाहेरून नुसती ओल आली तर घ्यावं, धार लागली तर परत. सहा हवीत. झाकण्या वेगळ्या सांगाव्या लागतात.